ढेकर कधी खोटं बोलतो का?

...आणि त्यात तो वारा! तुम्हाला सांगतो, त्या दिवशी सकाळपासून असा वारा सुटला होता, की जिन्यातली खिडकी धड उघडी राहीना, धड बंद राहीना, नुसती आपटत होती, आभाळ कसं, तर घासून पालथ्या घातलेल्या पातेल्यासारखं करडं, ऊन म्हणून कुठे नाही, आणि थंडी इतकी कोरडी की बोटं वाकवली तर वाजावीत... अशा दिवशी म्हाताऱ्या माणसानं काय करावं? पांघरूण घेऊन बसावं, गरम काहीतरी प्यावं आणि कुणाच्या अध्यात-मध्यात पडू नये. मी तेच करत होतो! आणि धाडकन दार उघडून आमची नात आत आली, केस विस्कटलेले, तोंड उतरलेलं, चपलासुद्धा काढल्या नाहीत, आणि मला म्हणते काय, "आजोबा, तुमच्या रक्तात माशाचं तेल निघालंय."

माशाचं! माझ्या रक्तात!

आता तुम्ही म्हणाल, निघालं तर निघालं, त्यात एवढं दचकायचं काय? अहो, कारण ते तेल मी प्यायलोच नव्हतो! ते ज्याच्या पोटात जायला हवं होतं त्याच्या पोटात मी ते स्वतःच्या हातानं घालत होतो, रोज, न चुकता, आणि ते तिथे पोचतंय याची मला पक्की खात्री होती... का? तर पुराव्यानिशी होती. ढेकराच्या पुराव्यानं. तुम्हीच सांगा, ढेकर कधी खोटं बोलतो का?

पण थांबा. असं मधूनच ओढलं तर धागा तुटायचा. मी सावकाश सांगणारा माणूस आहे, मला घाई जमत नाही. सुरुवातीपासून सांगतो.

मी ऑइलमन. म्हणजे होतो. दोरखंडाच्या कारखान्यात. हातात लांब चोचीची झारी, कमरेला फडकं, आणि भोंगा झाला की या टोकाच्या यंत्रापासून त्या टोकाच्या यंत्रापर्यंत एकेकाच्या सांध्यात थेंब थेंब घालत जायचं, आणि शेवटाला पोचावं तोवर पहिलं पुन्हा कुरकुरायला लागलेलं असायचं. शाळा म्हणाल तर मी बाहेरून बघितली. पगाराला अंगठा, खोलीच्या कागदाला अंगठा, दारात पार्सल आलं तरी अंगठा. पण यंत्र कुरकुरलं की त्याला कुठे दुखतंय ते मला ऐकून कळायचं. कुरकुरलं, की तेल हवं. एवढी एकच गोष्ट मी जन्मभर शिकलो, आणि बघाल तुम्ही, त्या एकाच गोष्टीनं मला तोंडावर पाडलं.

आमच्या समोरच्या दारात राहतो तो पोस्टमन. तोही माझ्यासारखाच, निवृत्त. टपाल वाटून वाटून पाय झिजले त्याचे, जीभ तेवढी शाबूत राहिली. सकाळी गॅलरीत खुर्ची टाकतो आणि सुरू होतो. नळाला पाणी कमी, तर कुरकुर. पाणी जास्त, तरी कुरकुर. कबुतरं बसली तर ओरडणार, आणि एखाद्या दिवशी नाही बसली तर म्हणणार, "मेली कुठे सगळी?" मला म्हणतो ऑइलमन, मी त्याला म्हणतो पोस्टमन, आईबापांनी ठेवलेली नावं आता आम्हाला दोघांनाही चटकन आठवत नाहीत.

आणि घरात आम्ही दोघंच. मी आणि आमची ही.

गेल्या थंडीत ही आजारी पडली. छातीत धरलं. दवाखान्यात ठेवलं, नाकाला नळी, हाताला सुई, आणि मी बाहेरच्या बाकावर. डॉक्टर चांगला होता, पोरगेलासा, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बाबा, जंतू गेले, पण सूज राहिलीय." मी म्हटलं, जंतू गेले तर सूज कशाला थांबलीय मागे? तो म्हणाला, "या वयात असं होतं." घरी आणली तेव्हा ही गादीपासून खिडकीपर्यंत गेली तरी धाप लागायची. खोकला उन्हाळ्यापर्यंत पुरला. आणि मी कॅलेंडरच्या चित्रांकडे बघायचो, मला आकडे कळत नाहीत पण चित्रं कळतात, आणि मनात म्हणायचो, हे झाडाचं चित्र गेलं, हे नदीचं गेलं, एकदा का ते बर्फाच्या डोंगराचं चित्र वर आलं की पुन्हा थंडी... आणि या थंडीत हिला पुन्हा धरलं तर? आता तेवढं अंग राहिलंय कुठे तिच्यात?

एवढीच माझी काळजी होती, बघा. दुसरं काही नाही. बर्फाच्या डोंगराचं पान यायच्या आत हिला कशीही करून उभी करायची.

तेवढ्यात नातीचं ते काम निघालं. नात म्हणजे मुलाची मुलगी, प्रयोगशाळेत कामाला आहे. एकदा विचारलं, काय करतेस गं दिवसभर? तर म्हणाली, "आजोबा, म्हाताऱ्या माणसांच्या पांढऱ्या पेशी बघते." पेशी म्हटल्यावर मला कोर्टाची तारीखच आठवली. कारखाना बंद पडला तेव्हा आम्ही कोर्टात गेलो होतो, तर पेशीवर पेशी, पेशीवर पेशी, साहेब आला नाही म्हणून पुढची पेशी, वकील आजारी म्हणून पुढची पेशी... मी म्हटलं, अजून संपलं नाही का ते? आणि पांढरी पेशी कुठली नवीन काढली? ती पोट धरून हसली. "अहो, रक्तातल्या पेशी!" आता आधी रक्तातल्या म्हणायला काय झालं होतं?

मग तिनं एका दुपारी आम्हा सगळ्यांना गॅलरीत बसवून समजावलं. बिल्डिंगमध्ये म्हाताऱ्यांना तोटा नाही. म्हणाली, "प्रत्येकाच्या अंगात पहारेकरी असतात. डोळ्याला दिसत नाहीत इतके बारीक. तरुणपणी कसं, चोर शिरला की धावले, धरला, बडवला, बाहेर काढला, आणि परत आपापल्या जागी जाऊन गप बसले. वय झालं की दोन भानगडी होतात. एक म्हणजे चोर आला तरी लवकर उठत नाहीत..."

"म्हणजे मी," मी म्हटलं.

"...आणि दुसरी म्हणजे, चोर नसला तरी बसल्याजागी शिट्ट्या मारत राहतात. उगाच कुणावर तरी खेकसत राहतात. त्यानं अंग आतल्या आत धुमसतं."

सगळ्यांनी एकदम पोस्टमनकडे बघितलं. तो खेकसला, "माझ्याकडे काय बघताय?"

मी आपला विचारात पडलो. जंतू गेले, सूज राहिली... म्हणजे चोर केव्हाच पळाला होता, आणि हिच्या छातीतले पहारेकरी उन्हाळ्यापर्यंत शिट्ट्या मारत बसले होते!

पुढे ती म्हणाली, "या पहारेकऱ्यांची कातडी बरीचशी चरबीची असते. आपण जे तेल, जी चरबी खातो, तिचेच बारीक तुकडे जाऊन त्या कातडीत बसतात. त्यांना म्हणायचं फॅटी अ‍ॅसिड."

"अ‍ॅसिड?" मी खुर्चीतून उठलोच. कारखान्यात गंज काढायला अ‍ॅसिड असायचं, बुटावर एक थेंब पडला तर खालचा पायमोजा दिसायचा!

"ते नव्हे हो आजोबा! आपल्या भाषेत स्निग्धाम्ल."

तर पोस्टमन मध्येच, "स्निग्ध म्हणजे तेलकट. आणि स्निग्ध म्हणजे मायाळूसुद्धा. पुस्तकात असतं बघ, तिनं स्निग्ध नजरेनं पाहिलं."

मी म्हटलं, "तेलकट नजरेनं?"

"तुला नाही कळायचं, ऑइलमन."

नात म्हणाली, "ऐका तर. एका पहारेकऱ्याला दुसऱ्याला निरोप धाडायचा असला, की तो आपल्याच कातडीतला चरबीचा एक तुकडा तोडतो आणि त्याचीच चिठ्ठी करतो. एका जातीच्या चरबीची चिठ्ठी असली की निरोप जातो, मारा, पेटवा, आणखी माणसं पाठवा! माशाच्या तेलातल्या चरबीची असली की निरोप जातो, झालं काम, आवरा, घरी जा. दोन्ही चिठ्ठ्या लागतात. पण म्हातारपणी पहिलीच फार सुटते आणि दुसरी मागेच राहते, असं आम्हाला वाटतं. माशाचं तेल खाल्लं तर फरक पडतो का, तेच बघायचंय."

आता काय सांगू तुम्हाला, इतकी वर्षं जगलो, पण भांडण थांबवायलाही वेगळा निरोप लागतो हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, माणसं दमली की भांडण आपोआप संपतं. तर नाही! कुणीतरी आपल्या अंगाचा तुकडा तोडून सांगावं लागतं, की आता बास, घरी जा. त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो. आमचं लग्न झाल्यापासूनची भांडणं आठवत होतो. प्रत्येक वेळी 'आता बास, जेवायला या' हे कोण म्हणालं होतं? हीच. मी एकदाही नाही.

पोस्टमनलाही ते भारी लागलं. कितीतरी दिवस म्हणत होता, "आपल्याच कातडीची चिठ्ठी! आणि आम्ही तिकीट कमी लावलं म्हणून लोकांकडून दंड घ्यायचो!"

तर ठरलं. प्रत्येकाला एक बाटली. आत पिवळ्या, काचेच्या गोट्यांसारख्या कॅप्सूल. काहींच्या बाटलीत माशाचं तेल, काहींच्या बाटलीत साधं खायचं तेल, दिसायला हुबेहूब, आणि कुणाला काय दिलंय ते नातीलाही माहीत नाही. बाटलीवर नुसते आकडे. म्हणूनच तिच्या प्रयोगशाळेतल्या मोठ्या बाई म्हणाल्या, तुझे आजोबा घेतले तरी चालतील. आधी रक्त घ्यायचं, मग रोज जेवताना गोळ्या, थंडी सुरू झाली की पुन्हा रक्त. मी अंगठा दिला.

मी म्हटलं, "आणि आजीची बाटली?"

"आजीला नाही घेता येत, आजोबा." पुढे तिनं कारणही सांगितलं. सांगितलं होतं हो तिनं, मी नाही म्हणत नाही! पण माणूस कसा असतो, 'नाही' एवढं ऐकलं की पुढचं कानात शिरतच नाही. मला एवढंच ऐकू आलं, की ज्या यंत्राला कुरकुर आहे त्याला तेल नाही, आणि जे नुसतं हळू चालतंय त्याला बाटली भरून!

तुम्ही असता तर काय केलं असतं?

मी ठरवलं, माझ्या गोळ्या हिला द्यायच्या. पण माझ्या बाटलीत माशाचं आहे की साधं, हे कळणार कसं? बाटलीवर काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही, आणि वाचता येणाऱ्यालाही कळत नव्हतं. अशात एके दुपारी गॅलरीत बसलो होतो आणि पोस्टमननं ढेकर दिला. काय सांगू! जाळं ओढून किनाऱ्यावर आणून टाकावं तसा वास! तो म्हणाला, "सून पंगतीतून उठून जाते रे. म्हणते, मामंजी, तुम्ही बाहेर जेवा." मी घरी गेलो, माझी एक गोळी घेतली, बसून राहिलो, आणि ढेकर दिला. काही नाही. भाजीचा वास. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. म्हणजे माशाचं तेल त्याच्या बाटलीत, साधं माझ्या बाटलीत! एवढा मोठा गुपिताचा कारभार, आकडे काय, कुलपं काय, आणि आम्ही दोघांनी तो दोन ढेकरांत उघडला. तुम्हीच सांगा, ढेकर कधी खोटं बोलतो का?

बाटल्या बदलायला पोस्टमन एका पायावर तयार. "घे बाबा घे, सून तरी पानावर बसेल." मी बाटलीवरच्या चिठ्ठ्यांना हात लावला नाही, आतल्या गोट्या फक्त इकडच्या तिकडे. नियम मोडला असं मला त्या वेळी वाटलंसुद्धा नाही. यंत्र बदललं नाही, नुसती झारी बदलली.

आता गोळी हिला द्यायची कशी? समोर धरली असती तर हिनं विचारलं असतं, कुणी सांगितली? म्हणून मी काय केलं, सुईनं गोळी टोचायची आणि तिच्या वाटीतल्या रश्श्यात पिळायची. त्यासाठी ताट वाढायला मी पुढे व्हायला हवं. आता लग्न झाल्यापासून मी चमचासुद्धा उचलला नव्हता, आणि एका संध्याकाळी उठलो आणि म्हटलं, "तू बस. मी वाढतो." हिनं माझ्याकडे असं बघितलं, की कपाळाला हात लावून ताप बघते की काय वाटलं. पण बसली. मी आत वाट्या भरल्या, हिच्या वाटीत थेंब थेंब पिळलं, ढवळलं, आणि समोर नेऊन ठेवलं. रोज. एक दिवस चुकलो नाही. हात तोच, काम तेच, झारी तेवढी लहान.

आणि ही रोज जेवायला बसली की म्हणायची, "अहो, जरा पाणी आणता?"

मी तांब्या आधीच आणून ठेवायला शिकलो, तर म्हणायची, "हे कोमट आहे, माठातलं आणा." मग म्हणे, मीठ. मग म्हणे, बघा हो, दाराची कडी लावलीय का. आणि मी उठायचो. सावकाश उठायचो, सावकाश जायचो, गुडघे आहेत ते, लोखंडाचे नाहीत, आणि परत यायचो तर ही निमूट जेवत असायची, वाटी तोंडाला लावून, शेवटच्या थेंबापर्यंत. मला इतकं बरं वाटायचं! म्हणायचो, बघ, अंगाला लागतंय. तेल गेलं की तहानही वाढते, म्हणूनच पाणी मागते.

एक गोष्ट खटकायची. हिला ढेकर येत नव्हता. पण म्हटलं, बाईमाणूस आहे, गिळत असेल. आणि मला यायला लागले होते. माशाचे. ओढलेल्या जाळ्यासारखे! पोस्टमन नाकावर रुमाल धरून म्हणाला, "ऑइलमन, हे काय? गोळी तू खातोस का तिला देतोस?" मी म्हटलं, अरे, मी रोज पिळतो ना, बोटाला वास लागतो, बोटातून नाकात जातो, नाकातून घशात उतरतो. त्यालाही ते पटलं! दोन म्हातारी माणसं, चांगली हिंडती-फिरती, अक्कल जागेवर असलेली, आणि दोघांनाही ते पटलं! ढेकर बिचारा रोज घसा फोडून सांगत होता, आणि तुम्हीच सांगा, ढेकर कधी खोटं बोलतो का? ऐकणारेच बहिरे असले तर त्यानं काय करावं?

एवढं मात्र खरं, की ही सुधारत होती. गालावर जरा मांस आलं. खिडकीपर्यंत जायची, तिथून जिन्यापर्यंत जायला लागली. मग एके दिवशी खाली उतरून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन आली, माझा हात धरून, आणि परत येताना मी दमलो होतो, ही नाही. मी मनात म्हटलं, शाब्बास! आवरायची चिठ्ठी पोचली म्हणायची.

तर असा तो वाऱ्याचा दिवस. बर्फाच्या डोंगराचं पान नुकतंच वर आलं होतं, दुसऱ्यांदा रक्तही देऊन झालं होतं. आणि नात दारात उभी, "आजोबा, तुमच्या रक्तात माशाचं तेल निघालंय."

म्हणाली, "आज आकडे उघडले. तुमची बाटली साध्या तेलाची होती. आणि रक्तात माशाचं तेल काठोकाठ. पोस्टमनआजोबांची बाटली माशाच्या तेलाची, आणि त्यांचं रक्त कोरडं. मोठ्या बाई म्हणतात, मीच चिठ्ठ्या चुकीच्या चिकटवल्या. सगळ्या बिल्डिंगचं रक्त फेकून द्या म्हणतात." आणि तिचे डोळे भरून आले.

नातीच्या डोळ्यांत पाणी बघितल्यावर कुठला आजोबा गप बसेल? मी म्हटलं, "पोरी, तुझी चूक नाही. बाटल्या आम्ही बदलल्या."

"काय?"

"पण माझ्या रक्तात कसं येईल ते? मी तर सगळं तुझ्या आजीला घातलं!"

जिन्यातली खिडकी आपटली. नात ओरडली, "आजीला घातलं? माशाचं तेल आजीला घातलं?"

तेवढ्यात आतून ही आली, हात पुसत, अगदी शांत. म्हणाली, "मला नाही घातलं. माझ्या वाटीत घातलं. माझ्यात आणि वाटीत फरक आहे."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही पाणी आणायला जायचात, तेव्हा मी वाट्या बदलायची. तुम्ही इतके सावकाश उठता, इतके सावकाश येता, की वाट्या बदलून, वरून मीठ घालून, चव बघूनसुद्धा वेळ उरायचा."

"पण का?"

"का म्हणजे? जन्मात कधी वाढलं नाहीत आणि एकदम वाढायला लागलात, म्हटलं काहीतरी आहे. वाटी नाकाशी धरली तर मासळी बाजार! म्हटलं, पोरीनं दिलेलं औषध चुकवतायत. आजवर कुठलं औषध सरळ घेतलंत? खोकल्याचं खिडकीतून टाकलंत, तापाचं कुंडीत ओतलंत, ते झाड मेलं. म्हटलं, आता माझ्या वाटीत ओततायत. पोरीनं मला जाताना बजावलं होतं, आजी, आजोबा गोळी घेतात की नाही तेवढं बघ. मी बघितलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही चोरून घालत होता, मी चोरून काढत होते. बोलून दोघांचंही काम वाढलं असतं."

म्हणजे बघा! गोळी पोस्टमनची, पिळली मी, वाटी हिची, आणि पोट माझं! आणि मी बोटाला नावं ठेवत होतो!

मी हसलो. पोस्टमनला आताच्या आता सांगतो म्हणून उठायला लागलो... तर नात हसत नव्हती. ती आजीचा हात धरून उभी होती. हळूच म्हणाली, "आजोबा, आजीला का घेता येत नाही ते मी सांगितलं होतं तुम्हाला. ती रक्त पातळ करायची गोळी घेते. त्यात रोज हे तेल घातलं की रक्त आणखी पातळ होऊ शकतं. एवढ्यानं काही झालंच असतं असं नाही. पण तिच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही द्यायचं."

मी खाली बसलो. उठण्यापेक्षा लवकर बसलो, पहिल्यांदाच.

तुम्हाला सांगतो, यंत्राला जास्त तेल झालं तर काय होतं? खाली गळतं. फडक्यानं पुसायचं, संपलं. मी तसंच समजलो होतो, की घालून ठेवू, लागलं तर लागलं, नाही लागलं तर नुकसान काय? नात म्हणाली, "अंगाला तेल घालायचं भोक नसतं, आजोबा. आणि नुसतं थंड करूनही चालत नाही. पहारेकरी फार थंड झाले तर खरा चोर आला तरी उठायचे नाहीत. किती द्यायचं, कुणाला द्यायचं, खरंच उपयोग होतो का, हे अजून पुरतं कुणालाच कळलेलं नाही. म्हणून तर एवढ्या बाटल्या." मी मान हलवली. ज्या माणसाला जपायला निघालो, त्याला माझ्यापासूनच वाचवलं कुणी, तर त्यानंच. तांब्याभर पाणी मागून.

मग नातीनं मोठ्या बाईंना फोन लावला. तिकडून मोठ्यानं बोलणं ऐकू आलं, आणि मग, खोटं नाही सांगत, हसणं ऐकू आलं. बाकीच्या बिल्डिंगचं रक्त ठेवलं. आम्ही दोघं, मी आणि पोस्टमन, बाद.

मी विचारलं, "बाद तर बाद, पण एवढं माशाचं तेल गेलंय माझ्या अंगात, पहारेकरी जरा लवकर उठायला लागले का माझे?"

"एका माणसाच्या रक्तावरून नाही सांगता येत, आजोबा."

"अंदाज?"

"तुम्ही बाद आहात!"

जाताना तिनं आजीला वजनाच्या काट्यावर उभं केलं. म्हणाली, "आजी, भरलीस की गं! कशानं?"

मीही तेच विचारलं, नात गेल्यावर. म्हटलं, "तेल तर सगळं माझ्यात गेलं. तुला यातलं काहीच मिळालं नाही. मग तू कशानं सुधारलीस?"

ही म्हणाली, "काहीच कसं नाही? ताट मिळालं. आयतं. रोज समोर कुणीतरी बसून बघत होतं, मी पुरतं जेवते की नाही. उठून जाता येईना, मग जेवत गेले."

मी खिडकीची कडी लावायला गेलो. कडी लागलेलीच होती.

अजून थंडी आहे. बर्फाचा डोंगर भिंतीवर आहेच. हिच्या डॉक्टरांना विचारून थंडीची लस टोचून आणली. पहाटे ही खोकते तेव्हा मी कान लावून ऐकतो, यंत्राला लावायचो तसा, खोलवरून येतोय की वरचावर... आतापर्यंत वरचावरच आहे. पुढचं मला ठाऊक नाही, नातीला ठाऊक नाही, तिच्या मोठ्या बाईंनाही नाही. संध्याकाळी मी वाढतो. आता नुसतंच वाढतो. तरी ही म्हणतेच, "अहो, जरा पाणी आणता?" आणि मी उठतो. परत येऊन आधी वास घेतो. सवय.

पण त्या दिवसाचं राहिलंच. संध्याकाळी वारा पडला. मी गॅलरीत जाऊन पोस्टमनला सगळं सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, माझ्या वेगानं. म्हटलं, बघ रे, कुणासाठी काय करायला गेलो, आणि सगळं येऊन बसलं माझ्याच अंगात, आता ते परत काढून तरी कुणाला देणार? एवढं बोललो आणि मला ढेकर आला. माशाचा. अगदी शेवटचा असावा. पोस्टमन त्या दिवशी कुरकुरला नाही, बघा. नाकावर रुमालही धरला नाही. माझ्या खुर्चीवर हात ठेवून म्हणाला, "अरे, जन्मभर टपाल वाटलं मी. पत्ता तिचा आणि पार्सल तुझ्या दारात, असं होतं कधी कधी. असलं टपाल परत करत नसतात, ऑइलमन. गप अंगठा लाव, आणि ठेवून घे."